दहा हजारांच्या इलेक्ट्रिक गिटारीला फिलर गेज लावला तेव्हा

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का? घ्यावी. फक्त खोक्यातून काढून तशीच पोराच्या हातात देऊ नये. आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर जॉब रिजेक्ट नाही, रीवर्क करून पास.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. कॉलेजात असताना कॅम्पात चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्या एका सरांकडं गिटार शिकले, आता गणपतीत आणि लग्नाच्या रिसेप्शनला एका ऑर्केस्ट्रात वाजवते. त्यामुळं अनगोळ-वडगावात कुणाच्याही पोरानं गिटारचा हट्ट धरला की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला: स्वस्तातली घेतली तर चालतंय काय? गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या मुलाला घेतली. ती थेट माझ्याच टेबलावर आली, म्हणून सगळी मापं काढून ठेवलीत.

फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचा, म्हणजे स्ट्रॅटचा आकार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं, प्रत्येकावर तारेचं एकच वेटोळं), बावीस फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, साडेनऊ हजार रुपये, ऑनलाइन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत हेडस्टॉकवरच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरच्या नावाला फार अर्थ नसतो. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नावांच्या गिटारी निघतात. कोरियाच्या कॉर्ट कंपनीचा इंडोनेशियात सुराबायाला कारखाना आहे. तिथं त्यांच्या स्वतःच्या गिटारी होतात, इबानेझ कंपनीच्या होतात आणि पीआरएस कंपनीची स्वस्तातली एसई मालिकाही होते. मशीन तेच, माणसं तीच. फरक पडतो तो ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काय लिहिलाय आणि शेवटच्या तपासणीला किती मिनिटं दिलीत यात. आमच्याकडं पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा माल आणि दुसऱ्याचा माल एकाच सीएनसीवर चालतो, पण एकाचा बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धार, हातानं काढतो आणि दुसऱ्याचा तसाच पॅक होतो. पैसे तेवढेच मिळतात त्याचे.

आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ हे गणित गिटारीत तसंही कधी जुळलेलं नाही. जपानी नकला बाजार खाऊ लागल्या म्हणून फेंडरनं १९८२ मध्ये जपानमध्येच स्वतःच्या गिटारी बनवायला घेतल्या आणि स्वस्त मालाला स्क्वायर हे नाव दिलं. त्या सुरुवातीच्या स्क्वायर आज लोक शोधत फिरतात, नव्या फेंडरच्या तोडीचे पैसे मोजून. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रोच्या गिटारी तर मेसोनाइटच्या, म्हणजे आपण कपाटाच्या पाठीला लावतो त्या हार्डबोर्डाच्या. आणि पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवलेले. लेड झेपेलिनच्या जिमी पेजनं तसली गिटार स्टेजवर वाजवली. तेव्हा बॉडीचं लाकूड कुठलं, या चौकशीत दुकानात अर्धा तास घालवू नका. पॉपलर असो नाहीतर बासवुड, इलेक्ट्रिक गिटारीत पहिला नंबर नेकचा, म्हणजे लांब दांड्याचा.

नेकवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डोळ्यानं बघितलं तर सरळ. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, घातला. फट पाव मिलिमीटर असावी तिथं ०.७ मिमी निघाली. नेक पुढं वाकलेला. पण हा दोष नाही, ते समुद्रकाठच्या गोदामातून आमच्या धो-धो पावसात आलेलं लाकूड आहे. चार मिमीच्या ऍलन कीनं ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, पाव फेरा आवळायचा, तारा परत सुरात लावायच्या, रात्रभर ठेवायची, परत मापायची. घाई केली तर रॉडचा आटा जातो. हळूहळू ०.२५ वर आली आणि पुढं तिथंच थांबली. म्हणजे रॉड काम करतोय आणि लाकूड बरं आहे. मला विचाराल तर साडेनऊ हजारांतले निम्मे इथंच वसूल. पाच-सहा हजारांच्या निनावी गिटारींत हा रॉड नुसता दाखवायला असतो, फिरवला तरी काही होत नाही. तसली एक टिळकवाडीतल्या ओळखीच्यांनी आणून दाखवली होती. मी हात जोडले.

फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवर बोटं ठेवायच्या फळीचं, लाकूड बघून मात्र मला हसू आलं. माहितीपत्रकात ‘इंडियन लॉरेल’ असं भारदस्त नाव. ते म्हणजे आपला ऐन! खानापूरकडं रानात जाल तिथं मगरीच्या पाठीसारख्या सालीचा तो ऐन, कानडीत मत्ती. पूर्वी या गिटारींना शिसवीचा फिंगरबोर्ड असायचा. २०१७ च्या सुरुवातीला शिसवीच्या सगळ्याच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या कराराखाली परवान्यांची कटकट आली, तेव्हा कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली आणि स्वस्त मालात ऐन शिरला. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ऐन काही परत गेला नाही. शिसवीपेक्षा जरा फिका, रेषा उठून दिसणारा. वाजवताना बोटाला फरक कळत नाही, उगाच नाक मुरडू नये. दुकानातून आल्यावर मात्र कोरडा ठाक असतो, मिनरल ऑइलचा एक हात द्यावा लागतो.

आता खरी तक्रार. नट. हेडस्टॉकपाशी तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात तो. आतून पोकळ प्लॅस्टिकचा, आणि खाचा इतक्या उथळ की पहिल्या फ्रेटवर तार एक मिमीपेक्षा जास्त वर उभी. निम्मं पुरतं. पोरगं पहिल्या महिन्यात एफ कॉर्ड धरायला जातं, बोटं सोलतात, आवाज निघत नाही, आणि वर इतकी खोल दाबल्यामुळं तार चढी बोलते. ट्यूनरवर हिरवा दिवा, तरी कॉर्ड बेसूर. भाचा म्हणायचा, “मावशी, मी बरोबरच धरलोय की, मग हे असं का वाजूलालंय?” तो बरोबरच धरत होता. घराघरांत कपाटावर धूळ खात पडलेल्या गिटारींपैकी कितीतरी या एका पट्टीपायी पडल्या असतील, असं माझं ठाम मत आहे. पोरात चिकाटी नाही म्हणून बोलणी मात्र पोरं खातात.

शहरात एका दुकानात विचारलं तर नट बदलून मिळत नाही, नवी गिटार घ्या म्हणाले. तेव्हा मिरजेची गाडी धरली. सतारी-तंबोऱ्यांसाठी मिरज साऱ्या देशाला ठाऊक आहे, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. ओळखीतल्या एका सतारमेकरांच्या पुढ्यात मी ही लालभडक गिटार ठेवली. त्यांनी एक तार छेडली, कान जवळ नेला आणि विचारलं, “ताई, जवारी काढायची का ठेवायची?” सतारीत तार घोडीला हलकी घासून जो झणकार येतो तो मुद्दाम आणायला त्यांचं आयुष्य जातं, आणि गिटारवाल्यांना तोच आवाज नको असतो. काढायची म्हटल्यावर त्यांनी हाडाचा तुकडा घेतला, कानशीवर घासून नटाच्या मापाचा केला, आणि एकेक खाच करवतीच्या बारीक पात्यानं खोल करत गेले. माप डोळ्याचं. मी घरी येऊन फिलर गेज लावला, सहाही तारा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास! आमच्या शॉपमध्ये अशा माणसाला सुपरवायझर करून खुर्चीत बसवून वाया घालवला असता. दोन-तीन फ्रेट उंच होते, तेही त्यांनीच घासून दिले. आठशे रुपये घेतले.

मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला १.८ आणि बारीक बाजूला १.५ मिमी लावली. आली तेव्हा जाड तार ३.१ वर होती. बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजचे सॅडल मागंपुढं करून इंटोनेशन बसवलं, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा असं केलं. ही कामं घरी होतात, स्क्रूड्रायव्हर आणि धीर पाहिजे.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं आणि दुसरा प्रकार सुरू झाला. नेकच्या कडेनं हात फिरवला की टोचायला लागलं. पावसाळ्यात फुगलेला फिंगरबोर्ड उन्हाळ्यात आक्रसतो, फ्रेटची धातू काही आक्रसत नाही, मग टोकं बाहेर डोकावतात. आपल्याकडं आषाढात भिंतीला ओल आणि फाल्गुनात ओठ फुटतात, म्हणून हे होणारच. महागातल्या गिटारीतही होतं, पण तिथं टोकं आधीच गोल केलेली असतात. सोनाराकडची बारीक कानस, कडेला मास्किंग टेप, आणि एक रविवार दुपार. स्वस्त गिटार घेणाऱ्यानं पहिल्या उन्हाळ्यात हे करायचंय हे धरूनच चालावं.

वायरिंग उघडलं तर ब्रिजला जाणारी अर्थिंगची वायर सोल्डर केलेलीच नव्हती, नुसती दाबून बसवलेली. पन्नास पैशांचं सोल्डर वाचवलेलं. ती चिकटवली, व्हॉल्यूमचा पॉट खरखरत होता तो बदलला, जॅक बदलला. पिकअप मात्र राहू दिले. खाली सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या आणि वर लोखंडी खुंट्या, स्वस्तातला नेहमीचा बेत. आवाज थोडा करकरीत. टोन सातवर ठेवला की खटकत नाही.

पण सिंगल कॉइलचा गुंजारव तुम्हाला गणपतीत कळतो. मांडवात दिव्यांच्या माळा, कुणीतरी डिमर लावलेला, बाजूला जनरेटर, आणि अर्थिंग देवाच्या भरवशावर. भाच्याची गिटार मी एका संध्याकाळी मुद्दाम स्टेजवर नेली, तर गाण्याआधी पन्नास हर्ट्झचा तानपुराच सुरू. गायक म्हणतोय काळी एक द्या, आणि ऍम्प आपलीच वेगळी पट्टी धरून बसलेला. यावर इलाज १९५५ मध्येच सापडलाय. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल अशा उलटसुलट जोडल्या की बाहेरून येणारी घरघर एकमेकींत मरते आणि तारांचा आवाज मात्र दुणावतो. तो हंबकर. म्हणून घरात वाजवायची असेल तर तीन सिंगल कॉइल चालतील, मांडवात उतरायचं असेल तर निदान ब्रिजपाशी हंबकर असलेली, म्हणजे एचएसएस (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल) घ्या. यामाहाची पॅसिफिका ०१२ तशीच येते.

ट्रेमोलोबद्दल, म्हणजे दांडी दाबून सूर हलवायच्या ब्रिजबद्दल थोडक्यात: विसरा. खालचा ब्लॉक झिंकच्या डाय कास्टिंगचा, पातळ, आणि दांडी दाबली की तारा सुरावर परत येत नाहीत. मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाकला. क्वीन बँडचा ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरी गिटार बनवली, तिच्या ट्रेमोलोत जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा घातल्या आणि ती अजून सुरात आहे. उद्यमबागेत बसून मला तो मोह होतो, पण गिटार भाच्याची आहे.

हिशेब असा: गिटार साडेनऊ, चांगल्या कंपनीच्या ०९ च्या (पातळ) तारा सहाशे, मिरज आठशे, पॉट आणि जॅक अडीचशे. सव्वाअकरा हजारांच्या आत काम झालं. पॅसिफिका ०१२, इबानेझची जिओ, स्क्वायरची सगळ्यात खालची पायरी, या साधारण पंधरा ते वीस हजारांच्या घरात जातात. तिथं फ्रेटची टोकं आणि वायरिंग बरं मिळतं, नट तरीही बघावा लागतोच. घरात स्क्रूड्रायव्हर धरणारं कुणी नसेल, चिकोडी-निपाणीकडं राहत असाल आणि मिरजेलाही जाणं होणार नसेल, तर सरळ ते वरचे पैसे टाका. आणि ‘गिटार, ऍम्प, बॅग, बेल्ट सगळं सात हजारांत’ असला कॉम्बो फुकट दिला तरी विचार करा. त्यातला ऍम्प म्हणजे रेडिओचा स्पीकर. त्यापेक्षा हेडफोनचा छोटा ऍम्प घ्या, शेजारचे काकाही खूश. गोव्याकडं बँडवाल्यांची वापरलेली गिटार कधीकधी निम्म्या किमतीत मिळते. चोर्ल्यातून उतरायची तयारी असेल तर जा, पण ऍलन की आणि फिलर गेज खिशात घेऊन जा. ट्रस रॉड फिरत नसेल तर चहा पिऊन परत या.

पोर डावखुरं असेल तर मात्र हे सगळं फारसं लागू नाही. या किमतीत डावखुरी गिटार क्वचितच मिळते. उजवी गिटार उलटी धरायची म्हटली तर नट नवा कापायचा, इंटोनेशन नव्यानं बसवायचं, आणि व्हॉल्यूमचं बटण तरीही वाजवताना कोपराखाली येतंय. भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाला मी उजव्या हातानंच सुरुवात करायला सांगितलं. त्याच्या आईला पटलेलं नाही.