कापडी ससा: चोखणाऱ्या कुत्र्यासाठी ठीक, फाडणाऱ्यासाठी नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पेट शॉपमध्ये फूटभर लांबीचा करडा कापडी ससा साडेतीनशेच्या आसपास मिळतो. पाकिटावर 'चावण्यासाठी' लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. दात शिवशिवणारं कुत्रं याचा संध्याकाळपर्यंत भुगा करेल. ससा घ्यावा तो मोठं होऊनही कापडाचा कोपरा तोंडात धरून, डोळे अर्धवट मिटून, पुढचे पाय आळीपाळीने दाबत चोखत बसणाऱ्या कुत्र्यासाठी. पिल्लू दूध पिताना आईच्या पोटावर असेच पाय दाबतं. या सवयीसाठी आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांकडे बोट दाखवलं जातं, पण नीट वाढलेली कुत्रीही हे करतात. त्यात बिघडलेलं काही नाही.

लव दाट आहे आणि लॅब्रॅडॉरच्या तोंडातही अख्खा ससा मावत नाही, हे चांगलं. कानांत कापूस नाही, नुसतं दुहेरी कापड. चोखायला नेमकं तेच सोयीचं. पण डोळे प्लॅस्टिकचे आणि पोटात शिट्टी. देण्याआधी डोळे कापून टाका, पोट उसवून शिट्टी काढा आणि बारीक टाक्यांची दुहेरी शिवण घाला. कानाच्या मुळाशी टीप एकेरी आहे, तीही पक्की करून घ्या, कारण धागा तिथूनच सुटतो. गिळलेल्या धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं, की आतडं त्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

कोल्हापुरात खरी अडचण जून ते सप्टेंबर. ससा वरून कोरडा लागतो, आतला कापूस ओलाच राहतो आणि कुबट वास धरतो. म्हणून धुताना कापूस बाहेर काढा, फक्त खोळ बिनवासाच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कंडिशनर नको. ससे दोन घ्या. दुसरा आधी काही दिवस कुत्र्याच्या अंथरुणात ठेवा. अंगचा वास लागला नाही तर ते त्याला तोंडही लावणार नाही.

एवढा उपद्व्याप नको असेल तर जुन्या सुती साडीचा हातभर चौकोन, चारही कडा दुहेरी दुमडून शिवलेला, जास्त सोयीचा. पंख्याखाली रात्रीत वाळतो. टर्किश टॉवेल टाळा, त्याच्या फासांत नखं अडकतात. घोंगडंही नको, लोकर सुटून पोटात जाते.

तोंडातलं कापड हिसकावून घेऊ नका, खाऊ देऊन बदला. जेवणाची ताटली वाजली तरी सोडत नसेल, कापडाचे तुकडे गिळत असेल किंवा डॉबरमनमध्ये दिसतं तशी स्वतःची कूस चोखून जखम करत असेल, तर मात्र खेळणं बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

कापडाला पाचपैकी चार, शिवणीला दोन.