नेटवर्क रॅकची जोडणी: एका स्थानिक सेवेचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील नेटवर्कची उपकरणे नव्या खोलीत हलवून रॅकमध्ये, म्हणजे उपकरणे एकावर एक बसवायच्या चार खांबांच्या उभ्या चौकटीत, बसवण्याचे काम या वेळी आम्ही एका स्थानिक जोडणी-सेवेला दिले होते, आणि दोन्ही दिवस शेजारी उभे राहून ते काम पाहिल्यानंतर हा अभिप्राय मी समाधानाने लिहीत आहे. आधीच्या कंत्राटदाराने जड यूपीएस रॅकच्या वरच्या भागात बसवला होता. एकदा सर्व्हर रेलवरून पुढे ओढताच सगळा रॅक पुढे कलला आणि आम्ही दोघांनी तो कसाबसा पेलून धरला. तेव्हापासून दरपत्रक पाहण्याआधी मी कामाचा क्रम विचारतो.

या तंत्रज्ञांनी ४२ यूचा, म्हणजे सुमारे दोन मीटर उंचीचा रिकामा रॅक लेव्हल लावून जमिनीला बोल्टने पक्का केला आणि एकही उपकरण आत जाण्यापूर्वी त्याला अर्थिंगची तार जोडली. मग तळाशी यूपीएस, तोही बॅटऱ्या काढून हलका केलेला, त्यावर सर्व्हर आणि वरच्या भागात स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण) व पॅच पॅनल (केबलींची टोके एकत्र आणणारी पट्टी), असा क्रम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. एक यू, म्हणजे रॅकमधील उंचीचे माप, ४४.४५ मिलिमीटरचे असते; त्यातील खांबावरच्या तीन भोकांमधले अंतर सारखे नसल्यामुळे केज नट (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायचा चौकोनी नट) एका भोकाने चुकला तरी उपकरण तिरके बसते किंवा बसतच नाही. त्यासाठी त्यांनी चारही खांबांवर आधी पेन्सिलीने खुणा केल्या. सर्व्हर दोघांनी खालून आधार देऊन उचलला. पॉवर सप्लायच्या मुठीला धरून उचलू पाहणाऱ्या नवख्या मुलाला त्यांच्या ज्येष्ठ तंत्रज्ञाने तिथेच थांबवले, हे मला विशेष आवडले. जुन्या खोलीत उपकरणे सोडवतानाही प्रत्येकाच्या दोन्ही पॉवर केबली निघाल्याची खात्री करूनच ते झाकणाला हात लावत होते. फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून डेटा वाहणाऱ्या केबलींच्या, उघड्या टोकांवर त्यांनी लगेच टोप्या बसवल्या, कारण त्यातून येणारा अवरक्त प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो.

उणिवा दोन राहिल्या. डेटा केबलींचे जुडगे प्लास्टिकच्या टायने इतके आवळले होते की केबलींवर वळ उठले होते. माझ्या सांगण्यावरून ते कापून वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे: रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनल, म्हणजे त्या जागा समोरून झाकणाऱ्या पट्ट्या, नव्हत्या. त्यामुळे मागची गरम हवा फिरून पुढे येत होती आणि मधला स्विच हाताला चांगलाच तापलेला लागत होता. पॅनल दुसऱ्या दिवशी आले, पण त्यांचे पैसे वेगळे लावले गेले.

दुसऱ्या शाखेचे कामही मी यांनाच देणार आहे, मात्र पॅनल आणि वेल्क्रो दरपत्रकात आधीच लिहून घेईन.