पेट्रोल-गॅस जनरेटर: मशीन झकास, पण तो ड्रेन स्क्रू!

वॅट, आवाज, टाकी किती लिटरची, हे सगळं पत्रकात आहेच. लिहायला बसलो ते सर्व्हिस सेंटरच्या बिलामुळे. काही महिने नुसता उभा असलेला जनरेटर ऐन वेळी सुरू होईना. दोरी ओढून ओढून खांदा गेला. सर्व्हिसला नेला तर निदान तयारच होतं, "साहेब, पेट्रोल भेसळीचं होतं." म्हणजे वॉरंटी बाद, कार्बोरेटर सफाईचे पैसे वेगळे, आणि वर फुकटचा सल्ला: यापुढे जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरत जा.

भेसळ कसली डोंबलाची! कार्बोरेटरची वाटी माझ्यासमोरच उघडली. तळाला वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी थर, कडेला पांढरी भुकटी. मेन जेट (पेट्रोल ज्या बारीक भोकातून इंजिनाकडे जातं तो तुकडा) उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. अस्सल पेट्रोल नुसतं पडून राहिलं तरी हेच होतं. पेट्रोल हा काही एकच पदार्थ नाही. साधारण चार ते बारा कार्बनच्या शेकडो हायड्रोकार्बनचं ते मिश्रण. त्यातले ब्युटेन, पेंटेन असे हलके घटक आधी उडून जातात (पेंटेन तर ३६ अंश सेल्सिअसलाच उकळतं), आणि थंड इंजिन पेटवायला नेमके तेच लागतात. डिंकाचं मूळ मात्र अल्कीनमध्ये, म्हणजे कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनमध्ये. कच्च्या तेलात ती जवळपास नसतातच. रिफायनरीत जड रेणू फोडून पेट्रोल वाढवताना तयार होतात. त्यांचा दुहेरी बंध ऑक्सिजनच्या तावडीत सापडला की रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चिकटा धरतो. हे रोखणारी द्रव्यं पेट्रोलमध्ये घातलेली असतात, पण तीही कधीतरी संपतात. त्यात जेट पितळेचा, आणि पितळेतलं तांबं या क्रियेला हातभारच लावतं. पांढरी भुकटी म्हणजे गंज. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं आणि धातू खातं.

ऑक्टेनचा याच्याशी संबंधच नाही. हेप्टेनला ० आणि आयसोऑक्टेनला १०० धरून काढलेला तो आकडा एवढंच सांगतो, की दाबाखाली पेट्रोल वेळेआधी स्वतःहून पेट घ्यायला किती विरोध करतं. आकडा मोठा म्हणून ताकद जास्त, असं नव्हे. हे इंजिन साध्या पेट्रोलवर नॉकिंग (अशा अवेळी पेटण्याने होणारी ठोकठोक) करतच नाही, मग जादा पैसे कशाला मोजू? हे सगळं मेकॅनिकला सांगितलं. त्याने बिल पुढे सरकवलं.

खरा राग कंपनीवर आहे. पुस्तिका म्हणते, ठेवून देण्यापूर्वी वाटी रिकामी करा. वाटीखाली ड्रेन स्क्रू आहे, पण फ्रेमचा पाइप बरोब्बर त्याच्या आडवा! स्क्रूड्रायव्हर तिरका लावावा तर खाच झिजते. रिकामी करायची कशाने, नखाने?

इथवरच्या मजकुराला दोन तारे ठरले होते. मग गॅसची जोडणी वापरून पाहिली. तोवर मला तो विक्रीचा चोचला वाटायचा. सिलिंडरातल्या गॅसपैकी प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. दाब उतरला की दोन्ही वायूच. वाटीत साठायला काही उरतच नाही, आणि सिलिंडरातला गॅस पडून पडून शिळा होत नाही. महिनोन्महिने झाकून ठेवलेलं मशीन दोरी ओढताच सुरू! पूर्ण भाराला ताकद जरा कमी पडते, हे खरं. कडाक्याच्या थंडीत ब्युटेन जास्त असलेला सिलिंडर मानही टाकतो. द्रवाचा वायू होताना उष्णता सिलिंडरातूनच खेचली जाते, बाहेरून द्रवाच्या पातळीपर्यंत दव धरतं, दाब पडतो आणि इंजिन हेलकावे खायला लागतं.

पेट्रोलवर चालवलाच, तर बंद करताना आता स्विचला हात लावत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करतो; वाटीतलं पेट्रोल संपलं की इंजिन आपोआप थांबतं. तरी तळाशी थोडं राहतंच, आणि ते काढायला तोच स्क्रू लागतो. चार तारे. पाचवा, तो पाइप दोन बोटं सरकवला की.