वंशाची नोंद: अमेरिका आणि फ्रान्स

अमेरिकेत १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून माणसांची वंशानुसार विभागणी होत आली. गुलामगिरीच्या काळात जी नोंद माणसाला हीन ठरवत होती, तीच १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर नोकरी आणि शिक्षणातील भेदभाव सिद्ध करण्याचे साधन बनली. फ्रान्सने उलटा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंची नोंद करून त्यांना नाझींच्या हवाली करणाऱ्या विशी राजवटीची, म्हणजे नाझींशी सहकार्य करणाऱ्या तेव्हाच्या फ्रेंच सरकारची, आठवण तिथे खोलवर रुजलेली आहे. १९७८ च्या कायद्याने वांशिक माहिती गोळा करण्यावर कडक निर्बंध घातले. या सावधगिरीमागची वेदना खरी आहे, तरीही मला अमेरिकी पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण पॅरिसच्या उपनगरांतील उत्तर आफ्रिकी वंशाच्या तरुणांना वारंवार नोकरी नाकारली गेली, तर तो कल अधिकृत आकड्यांनी दाखवणे फार अवघड जाते.