पीएचडीला नंबर थिअरी की अल्जेब्राइक जॉमेट्री?

एमएस्सीचं दुसरं वर्ष लागलं की हा प्रश्न हमखास येतो. नंबर थिअरी म्हणजे संख्यांचा, समीकरणांच्या पूर्णांक-परिमेय उत्तरांचा अभ्यास, अल्जेब्राइक जॉमेट्री म्हणजे समीकरणांनी बनणाऱ्या आकारांचा. माझं मत आधीच सांगते, विषयाच्या नावावरून ठरवू नका, एक समीकरण समोर ठेवा आणि त्यातलं काय जाणून घ्यायची ओढ लागते ते बघा.

क्ष वर्ग + य वर्ग = १ घ्या. (-१, ०) मधून परिमेय उताराची रेषा काढली की ती वर्तुळाला आणखी एका परिमेय बिंदूत छेदते, उतार १/२ घेतलात तर (३/५, ४/५), म्हणजे ओळखीचा ३-४-५ त्रिकोण, आणि असे बिंदू अनंत मिळतात. आता उजवीकडे १ च्या जागी ३ लिहा. एकही परिमेय बिंदू नाही! छेद काढून टाकले की अ वर्ग + ब वर्ग = ३ क वर्ग, वर्गाला ३ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च राहते म्हणून अ आणि ब दोघांनाही ३ ने भाग जातो, मग क लाही जातो, सगळ्यांना ३ ने भागून पुन्हा तेच, आणि हे कधी थांबतच नाही, जे पूर्णांकांत शक्य नाही. पण संमिश्र संख्यांवर हेच दोन वक्र भूमितीच्या दृष्टीने एकच आहेत.

एकावर अनंत आणि दुसऱ्यावर शून्य असं का, हे डोक्यातून जात नसेल तर नंबर थिअरी. दोन्ही एकच कसे, आणि असे सगळे वक्र एकत्र घेतले तर त्यांचा मिळून काय आकार होतो, हे जास्त खुणावत असेल तर जॉमेट्री.

तयारीत मात्र खूप फरक आहे. जॉमेट्रीत आधी कम्युटेटिव्ह अल्जेब्रा, मग स्कीम्स, शीव्ह्ज, कोहोमॉलॉजी ही या विषयाची भाषाच शिकायची, यात वर्ष-दीड वर्ष आरामात जातं आणि तोवर स्वतःचा म्हणावा असा प्रॉब्लेम हाती नसतो, हे सोसवणार असेल तरच या. अ‍ॅनालिटिक नंबर थिअरीत कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस पक्कं असेल तर लवकर काही करून बघता येतं, शिवाय कॉम्प्युटरवर आकडे काढून अंदाज बांधता येतो, मला ही मोठी जमेची बाजू वाटते. मॉड्युलर फॉर्म्स (खूप सममिती असलेली संमिश्र फलनं) किंवा गॅल्वा रिप्रेझेंटेशन्सकडे (समीकरणांच्या उत्तरांच्या सममिती मॅट्रिक्समधून बघणं) वळलात तर मात्र स्कीम्स तिथेही चुकत नाहीत.

आपल्याकडे दोन्हीची परंपरा भक्कम आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नरसिंहन आणि शेषाद्रींनी १९६५ मध्ये व्हेक्टर बंडल्सवरचं (प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर स्पेस बसवलेली रचना) जे प्रमेय दिलं त्यावर लोक आजही काम करतात. चंद्रशेखर खरे आधी टीआयएफआरमध्येच होते, त्यांनी विंटेनबर्जेसोबत फ्रेंच गणिती सेर यांची मॉड्युलॅरिटीची अटकळ (ठराविक गॅल्वा रिप्रेझेंटेशन्स मॉड्युलर फॉर्म्समधूनच येतात ही) सिद्ध केली, २००९ मध्ये ते पेपर छापून आले. श्रीराम अभ्यंकरांनी धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये (जिथे १ ठराविक वेळा मिळवला की ० होतो अशा संख्यांवर) पृष्ठभागांच्या सिंग्युलॅरिटीज, म्हणजे टोकं-छेदांसारखे बिघडलेले बिंदू, सोडवून दाखवल्या, तोच प्रश्न चार आणि त्यापुढच्या मितींत अजून सुटलेला नाही, आणि पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं केलं तेही त्यांनीच.

नोकरीचं म्हणाल तर नंबर थिअरीला क्रिप्टोग्राफीचा दरवाजा आहे खरा, पण नुसत्या मॉड्युलर फॉर्म्सवरच्या थिसिसने तो उघडत नाही, कोडिंग वेगळं शिकावंच लागतं. फेलोशिप दोन्हीकडे सारखीच, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये.

दोन्ही आवडत असतील तर अरिथमेटिक जॉमेट्री आहेच. जीनस (संमिश्र संख्यांवर वक्राचा जो पृष्ठभाग होतो त्याच्या भोकांची संख्या) २ किंवा जास्त असला की वक्रावर परिमेय बिंदू मोजकेच, हे फाल्टिंग्जनी १९८३ मध्ये दाखवलं, म्हणजे आकारच उत्तरांची संख्या आवरतो. मला स्वतःला यापेक्षा सुंदर काही माहीत नाही, पण इथे तयारी दोन्हीकडची करावी लागते आणि पाच वर्षं कमी पडू शकतात, तेव्हा गाईड निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. आणि अर्ज भरायच्या आधी एखाद्या एटीएम स्कूलला (गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचं प्रगत प्रशिक्षण शिबिर) जाऊन या, तिथे संध्याकाळच्या ट्युटोरियलला कुठले प्रश्न सोडवत बसावंसं वाटतं ते लगेच कळतं.