सॉफ्टवेअरच्या करारातलं 'ॲक्सेप्टन्स'चं कलम : वर्षभर वापरून

सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू खूप सापडतात, करारातल्या कलमाचा कोणी लिहीत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवर आमची औषधांची होलसेल पेढी आहे. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर अंधेरीच्या एका कंपनीकडून बनवून घेतलं. त्या करारातल्या 'ॲक्सेप्टन्स टेस्टिंग'च्या, म्हणजे तपासून मगच स्वीकारण्याच्या, दीड पानाबद्दल हे लिहितोय.

ढाचा नेहमीचाच. त्यांनी सॉफ्टवेअर दिलं की आम्ही १५ कामकाजी दिवसांत तपासायचं, चूक असेल तर लेखी कळवायचं, त्यांनी १० दिवसांत दुरुस्त करायचं, पुन्हा तपासणी. मुदतीत आम्ही गप्प राहिलो तर माल पास. ही शेवटची अट जाचक वाटते, पण १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम ४२ मध्येही तोच विचार आहे : वाजवी मुदतीत नाकारलं नाही, तर स्वीकारलं. पॅकबंद सॉफ्टवेअर म्हणजे 'माल', असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये टीसीएसच्या खटल्यात म्हटलं. आमचं मात्र खास बनवून घेतलेलं, म्हणून वकीलबाई म्हणाल्या, कायद्यावर विसंबू नका, सगळं करारात लिहून घ्या.

पंधरा दिवस कमी की जास्त यावर आमच्या शेठने बरीच घासाघीस केली. माझ्या मते ती वायाच. खरा प्रश्न, मुदत सुरू कधी होते? मूळ मसुद्यात 'डिलिव्हरीचा ई-मेल आल्यापासून' होतं. आम्ही ते बदलून 'टेस्ट सर्व्हरचं लॉगिन आणि आमचा जुना डेटा चढवल्यापासून' करून घेतलं. डेटा उशिरा चढला, तेव्हा या एका ओळीने वाचवलं. नाहीतर रिकाम्या स्क्रीनकडे बघत मुदत संपली असती.

कामी आलेली दुसरी ओळ कराराच्या जोडपत्रातली : 'एकाच औषधाच्या दोन बॅच असतील तर आधी एक्स्पायर होणारी आधी बिलात यावी.' सॉफ्टवेअर उलटं करत होतं. त्यांचा माणूस म्हणाला, "साहेब, हा बग नाही, चेंज रिक्वेस्ट आहे." म्हणजे वेगळे पैसे. जोडपत्र उघडून दाखवलं, विषय संपला. पण त्याच जोडपत्रात 'रिपोर्ट लवकर निघावा' असंही लिहिलेलं. लवकर म्हणजे किती? मार्चएंडला स्टॉक स्टेटमेंट निघेपर्यंत चहा पिऊन होतो, आणि त्यांच्या हिशेबाने तेही लवकरच. सेकंद लिहिले नसतील तर वेगाची तक्रार उभीच राहत नाही.

'प्रत्यक्ष धंद्यात वापर केला म्हणजे स्वीकारलं' हे वाक्य मात्र घातक आहे. आमची उलाढाल ५ कोटींच्या वर, म्हणजे ई-इनव्हॉइस (बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवणं) सक्तीचं, आणि खरी बिलं काढल्याशिवाय ते नीट तपासलं जात नाही. म्हणून 'जुन्या सिस्टिमसोबतचा पॅरलल रन हा वापर धरला जाणार नाही' असं घालून घेतलं, म्हणजे जुनं-नवं दोन्ही एकत्र चालवून बघता येतं. यावर त्यांनी सर्वात जास्त ताणलं, कारण शेवटचे २० टक्के पैसे, ९० दिवसांची वॉरंटी आणि त्यानंतरचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), सगळं स्वीकारल्याच्या सहीच्या तारखेपासून मोजलं जातं.

चुकीची गंभीरता कोणी ठरवायची यावर करार गप्प आहे, आणि निम्मे वाद तिथेच झाले. म्हणून पाचपैकी साडेतीन. सेल्समनच्या मोबाइल ॲपसाठी हेच कलम ठेवलंय, फक्त 'बिल अडलं किंवा जीएसटी चुकला तर पहिल्या दर्जाची चूक, आणि दर्जा खरेदीदार ठरवेल' एवढं वाढवलंय. मसुदा सध्या त्यांच्या वकिलाकडे आहे.