८८० फ्रीवेची झाडलोट: पाचपैकी साडेचार तारे

माझी ड्युटी रात्रीची, म्हणून कॅलिफोर्नियातला ओकलंड ते सॅन होजे हा ८८० मला झाडला जाताना दिसतो. दिवसा जाणाऱ्यांना वाटतं, रस्ता आपोआपच स्वच्छ राहतो. शेजारच्या ५८० वर ओकलंडच्या भागात अवजड ट्रकना बंदी आहे, त्यामुळे तो सगळा माल इकडून जातो आणि जाता जाता सांडतो. शिड्या, बादल्या, फाटलेल्या टायरचे पट्टे. गाद्या तर कायमच्या!

कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याचा, स्वीपर (रस्ता झाडणारा ट्रक) दुभाजकाला चिकटून अगदी रमतगमत जातो. बाजूचा गोल ब्रश कचरा आत ओढतो, धूळ उडू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू. अशा ब्रशच्या तारा तुटून रस्त्यावर पडतात आणि सायकलवाले त्यावर जाम वैतागतात, पण ते असो. माझे पैकीच्या पैकी मार्क स्वीपरच्या मागच्या ट्रकला. त्याच्या पाठीला एक भलीमोठी पेटी उभी असते, काम सुरू करताना ती आडवी पाडतात. वर पिवळ्या दिव्यांचा बाण. कुणी बेसावध मागून आदळलाच, तर पेटीनं चुरगळून धक्का पोटात घ्यायचा, एवढ्यासाठीच तो ट्रक तिथे असतो. आणि आत ड्रायव्हर बसलेला असतो बरं का! १९२१ पासून या खात्याची १८० हून जास्त माणसं कामावर असताना गेली आहेत.

शिडी भर लेनमध्ये पडली, तर हायवे पेट्रोलची गाडी दिवे लावून सगळ्या लेनवर नागमोडी जात राहते. मागची रहदारी मंदावते, पुढचा रस्ता मोकळा होतो, तेवढ्यात शिडी बाजूला. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "अगं, हा पोलीसच झिंगलाय की काय?"

गर्दीच्या वेळी फ्रीवे सर्व्हिस पेट्रोलचे टो-ट्रक फिरतात, तेही पडलेलं सामान हटवतात. बंद पडलेल्या गाडीला मदत फुकट, टिपसुद्धा घेत नाहीत.

अर्धा तारा कापलाय तो आपल्या ड्रायव्हर मंडळींचा. पिवळे दिवे दिसले की जमेल तर लेन सोडा, नाहीतर वेग कमी करा, असा कायदाच आहे. ऐकतंय कोण! सामान बांधायचाही कंटाळा. इथल्या कायद्यानं चालत्या गाडीतून फक्त स्वच्छ पाणी आणि जिवंत पक्ष्यांची पिसं सांडलेली चालतात. गादी त्यात बसत नाही.

लेनमध्ये काही पडलेलं दिसलं तर ९११ ला कळवा, उतरून उचलायला जाऊ नका. कडेच्या कचऱ्याची तक्रार कॅलट्रान्सच्या साइटवर करता येते.